केडगावच्या ‘मुक्ती’ची पार्श्वभूमी : देवाच्या वेळेवरचा विश्वास

देव योग्य वेळी देईल, ही पंडिता रमाबाईंची श्रद्धा उपासमारीत तावूनसुलाखून निघाली होती, हे ध्यानात घेतल्याशिवाय त्यांनी निराधार स्त्रिया आणि मुलींसाठी उभारलेल्या केडगावच्या मुक्ती मिशन या आश्रमाचा इतिहास नीट उमगत नाही. १८७० च्या दशकातील दुष्काळात, पुराण सांगत तीर्थक्षेत्रे हिंडणाऱ्या अनंतशास्त्री डोंगरे यांच्या कुटुंबाने जवळचे द्रव्य दानधर्मात आणि अनुष्ठानांत खर्चून दैवी साहाय्याची वाट पाहिली. अखेर पाणी आणि झाडपाला यांवर दिवस काढण्याची पाळी आली आणि वडील, आई व थोरली बहीण काही महिन्यांच्या अंतराने गेली. रमाबाई तेव्हा जेमतेम सोळा वर्षांच्या होत्या. वाट पाहण्याची किंमत इतक्या जवळून पाहिलेल्या बाईने पुढे जन्मभर देवाच्या वेळेवर भरवसा ठेवला, म्हणून त्या भरवशाला वजन आहे.

१८८३ मध्ये इंग्लंडात त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन ही विधवांसाठीची निवासी शाळा उघडली. त्याचा खर्च अमेरिकेत स्थापन झालेल्या रमाबाई असोसिएशनने दहा वर्षांसाठी उचलला होता. ही मुदत संपत आली, तेव्हा ब्रिस्टलच्या अनाथाश्रमांचे जॉर्ज म्यूलर यांचे चरित्र त्यांना मार्गदर्शक ठरले : बांधील उत्पन्नावर विसंबण्याऐवजी गरज प्रार्थनेत मांडावी आणि मिळेल त्यात भागवावे.

तथापि ही प्रतीक्षा हातावर हात ठेवून बसण्याची नव्हती, आणि माझ्या मते रमाबाईंचे मोठेपण याच भेदात आहे. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या स्वतः मध्य प्रांतात गेल्या व तेथील मुली-विधवांना सोबत घेऊन आल्या. निधी जमेपर्यंत भुकेल्या मुलींनी थांबावे, असे त्यांनी कधी मानले नाही. थांबायचे ते आपण, त्यांनी नव्हे. पुण्याजवळ केडगावला घेतलेल्या जमिनीवर विहिरी खणल्या गेल्या, शेती व फळबाग उभी राहिली, विणकाम आणि छपाईचे शिक्षण सुरू झाले.

जानेवारी १९०५ पासून आश्रमात आत्मिक संजीवनासाठी, म्हणजे श्रद्धेला नवी जाग येण्यासाठी, रोज सामुदायिक प्रार्थना होऊ लागली. ज्या संजीवनासाठी मुक्तीचे नाव जगभरच्या ख्रिस्ती मंडळ्यांत गेले, ते त्याच वर्षी जूनअखेरीस सुरू झाले, म्हणजे मधले पाच-सहा महिने मागणे चालू होते आणि उत्तर दिसत नव्हते. त्याहून लांब प्रतीक्षा बायबलच्या भाषांतराची होती. साध्या बाईमाणसांना समजेल असे मराठी शास्त्र हाती यावे म्हणून रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि आश्रमातल्या मुलींनी त्याच्या छपाईचे खिळे जुळवले. १९२१ मध्ये एकुलती मुलगी मनोरमा वारली. तरीही काम थांबले नाही. एप्रिल १९२२ मध्ये रमाबाई गेल्या आणि संपूर्ण बायबल १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले.