‘दुसरा वाचक’ नेमका कोण? मॅमोग्राफीतल्या एआयची पार्श्वभूमी

मॅमोग्राम, म्हणजे स्तनांचे एक्स-रे, तपासायला एआय आले, की ते वाचणारे डॉक्टर, म्हणजे रेडिओलॉजिस्ट, नाक मुरडतात आणि त्यामागे नोकरी जाण्याची भीती आहे, असे सर्रास बोलले जाते. २०१६ मध्ये एका नामवंत संगणकशास्त्रज्ञाने ‘रेडिओलॉजिस्ट घडवणे आताच थांबवा’ असा सल्ला दिला, तेव्हापासून तर जास्तच. पण ज्येष्ठ रेडिओलॉजिस्टचा संशय त्याआधीचा आहे. एकदा हात पोळलेले आहेत.

संगणकाने संशयास्पद जागा दाखवण्याच्या यंत्रणेला, म्हणजे ‘कॅड’ला, अमेरिकेत १९९८ मध्ये परवानगी मिळाली. सूक्ष्म कॅल्शियमच्या ठिपक्यांवर त्रिकोण आणि गाठीसारख्या सावलीवर तारका उमटे. खरी कलाटणी तंत्रज्ञानाने नव्हे, पैशाने दिली. तीनेक वर्षांतच ज्येष्ठांच्या सरकारी विमा योजनेने प्रत्येक कॅड तपासणीचे जादा पैसे द्यायला सुरुवात केली आणि यंत्र घराघरात नसले तरी केंद्राकेंद्रात पोहोचले. उपयोग सिद्ध होण्याआधी बिल मंजूर झाले, हे आजही टोचते. २००७ मध्ये ४३ केंद्रांचा अभ्यास आला: कॅड घेतलेल्या केंद्रांत बायोप्सी (गाठीचा तुकडा काढून तपासणे) सुमारे २० टक्क्यांनी वाढल्या, अचूकता मात्र घटली. २०१५ च्या मोठ्या अभ्यासातही फायदा दिसला नाही. तोवर वर्षाला ४० कोटी डॉलरहून अधिक खर्च होत होता.

याच काळात ‘दुसरा वाचक’ हा शब्द रुळला आणि त्यानेच पुढचा घोळ घातला. युरोपातल्या बहुतेक तपासणी कार्यक्रमांत एकच मॅमोग्राम दोन डॉक्टर स्वतंत्रपणे वाचतात आणि मतभेद झाला तर तिसरा किंवा एकत्र बैठक निवाडा करते. तिथे दुसरा वाचक म्हणजे मत असलेला माणूस. अमेरिकेत एकच डॉक्टर वाचतो. कॅडला दुसरा वाचक म्हटले, तरी त्याला मत नव्हतेच. आधी डॉक्टरने स्वतः पाहायचे, मग खुणा उघडायच्या आणि पुन्हा तोच डॉक्टर पाहणार. एका तपासणीत सरासरी दोन खोट्या खुणा. त्या खोडत बसण्याचे काम त्याच्याच डोक्यावर. एकाच शब्दाने सहकारी आणि कटकट अशा दोन गोष्टी सांगितल्या जात होत्या. आज एआयवर वाद घालणारे डॉक्टर अनेकदा वेगवेगळ्या ‘दुसऱ्या वाचका’बद्दल भांडत असतात.

नवे एआय खुणा करून थांबत नाही, कर्करोगाच्या धोक्याचे गुण देते. स्वीडनमध्ये २०२१ पासून ८० हजारांहून अधिक महिलांवर चाललेल्या चाचणीत कमी गुणांचे मॅमोग्राम एकाच डॉक्टरकडे, सर्वाधिक गुणांचे दोघांकडे गेले. २०२३ च्या अंतरिम निष्कर्षात वाचनाचे काम ४४ टक्क्यांनी घटले आणि सापडलेल्या कर्करोगांची संख्या कमी झाली नाही. रेडिओलॉजिस्टची चणचण असलेल्या देशांत सूर बदलला तो इथून. आपल्याकडे मॅमोग्राफीची देशव्यापी मोहीमच नाही, सरकारी कार्यक्रम हाताने होणाऱ्या तपासणीवर उभा आहे. त्यामुळे ‘काम घटले’ हा युक्तिवाद इथे तसाच लागू पडत नाही.

२०२३ मध्येच २७ रेडिओलॉजिस्टवरच्या प्रयोगात एआयचे मत मुद्दाम चुकीचे दाखवले, तेव्हा अनुभवी डॉक्टरही निम्म्याहून अधिक वेळा चुकले. खाली सही मात्र डॉक्टरचीच राहते.