बीएसए गोल्ड स्टार: परतलेल्या नावामागचा इतिहास

आपल्याकडे बीएसए म्हटलं की आधी सायकल आठवते. सायकलींचे हक्क १९५७ मध्येच वेगळे विकले गेले आणि भारतात ते नाव चेन्नईच्या एका कंपनीकडे आहे. इथे विषय आहे तो बर्मिंगहॅममध्ये बंदुका बनवणाऱ्या कारागिरांनी १८६१ मध्ये उभ्या केलेल्या मूळ कंपनीच्या मोटरसायकलींचा.

गोल्ड स्टार हे नाव आलं १९३७ मध्ये. निवृत्तीतून परतलेल्या एका शर्यतपटूने ब्रुकलंड्सच्या ट्रॅकवर बीएसएच्या एम्पायर स्टारवरून ताशी १०७ मैलांनी फेरी मारली. शंभरी ओलांडणाऱ्याला तिथे सोन्याचा तारा, म्हणजे गोल्ड स्टारचा बिल्ला मिळे. पुढच्या वर्षी तेच नाव नव्या मॉडेलला लागलं. युद्धानंतर या गाडीने आइल ऑफ मॅन बेटावरच्या क्लबमन्स टीटी या हौशी चालकांच्या शर्यतीत इतकी मक्तेदारी केली की १९५६ नंतर ती शर्यतच बंद पडली. डीबीडी३४ या त्याच वर्षीच्या मॉडेलचा अमाल जीपी कार्बुरेटर आयडलिंगला टिकत नसे, त्यामुळे सिग्नलला उभं राहिलं तरी मनगटाने थ्रॉटल देत राहावं लागे. शर्यतीचा गिअरबॉक्स असेल तर पहिल्याच गिअरमध्ये गाडी ताशी साठ मैलांच्या आसपास जाई, म्हणून शहरात अर्धा क्लच दाबूनच निघायचं. तरीही लोक तिच्यावर जीव टाकत आणि आजही टाकतात. उत्पादन थांबलं १९६३ मध्ये. कंपनी दहा वर्षांनी विलीनीकरणात संपली. तिथपर्यंतची पडझड, जपानी गाड्यांची लाट वगैरे सगळ्यांना पाठ आहे.

पुढे नाव या हातातून त्या हातात फिरत राहिलं. १९९९ मध्ये साउथहॅम्प्टनहून 'गोल्ड एसआर' नावाची गाडी आली, तिचं इंजिन यामाहाचं होतं. २०१६ मध्ये मुंबईतल्या एका मोठ्या उद्योगसमूहाच्या उपकंपनीने हक्क विकत घेतले. नवी गोल्ड स्टार डिसेंबर २०२१ मध्ये बर्मिंगहॅमलाच दाखवली गेली.

खरा वाद इथून सुरू होतो. गाडी इंग्लंडमध्येच बांधण्याचा मनोदय आधी जाहीर झाला होता. प्रत्यक्षात ती इंदूरजवळच्या पीथमपूरला तयार होते. इंग्लंडमधल्या जुन्या बीएसएवाल्यांना हे लागलं, आणि दिलेला शब्द पाळला गेला नाही ही त्यांची तक्रार रास्तच आहे. पण त्याला जोडून येणारा दुसरा आक्षेप मला पटत नाही. ६५२ सीसीचं, पाण्याने थंड होणारं, ४५ अश्वशक्तीचं हे सिंगल सिलिंडर इंजिन ऑस्ट्रियाच्या रोटॅक्स या इंजिन बनवणाऱ्या कंपनीच्या घराण्यातलं आहे. बीएमडब्ल्यूच्या एफ ६५० मध्येही तेच घराणं होतं. म्हणून ही 'खरी' बीएसए नाही, असं म्हणतात.

मग बॅन्टमचं काय करायचं? बीएसएची सर्वाधिक खपलेली, टपाल पोचवणाऱ्यांपासून शिकाऊ पोरांपर्यंत सगळ्यांची ती छोटी टू-स्ट्रोक. १९४८ पासून ब्रिटिश रस्त्यांवर ती घरची झाली, पण तिचं डिझाइन जर्मन होतं. डीकेडब्ल्यू या जर्मन कंपनीच्या आरटी १२५ ची रेखाचित्रं युद्धभरपाईत मिळाली होती. ब्रिटिश सवयीप्रमाणे गिअर उजव्या पायाला यावा म्हणून बर्मिंगहॅममध्ये इंजिन आरशातल्यासारखं उलटवलं गेलं. तीच आरटी हार्लेने घेतली, रशियाने घेतली, यामाहाची पहिली गाडीही तिच्यावरूनच झाली. बॅन्टमला कुणी परकी म्हटलं नाही, कारण ती परवडणारी होती आणि रोज चालत होती. गोल्ड स्टारलाही तीच कसोटी लावावी. ब्रिटनमध्ये २०२२ साली साडेसहा हजार पौंडांच्या आसपास दाखल झालेली, बटणावर सुरू होणारी आणि तिथले प्रदूषण-नियम पाळणारी मोठी सिंगल, एवढं तिने नक्कीच साधलं. शिवाय बाहेर उत्पादन करणारी ती एकटी नाही. ब्रिटनच्याच ट्रायम्फच्या ४०० सीसी गाड्या चाकणला बनतात आणि त्यांच्या नावाला त्याने बाधा आलेली नाही.

भारतात गोल्ड स्टार १५ ऑगस्ट २०२४ रोजी सुमारे तीन लाखांत आली. २०२५ मध्ये ब्रिटनमध्ये बॅन्टम ३५० दाखल झाली, या वेळी फोर-स्ट्रोक. तिचं इंजिन आहे जावाचं, म्हणजे याच उपकंपनीने २०१८ मध्ये उठवून उभ्या केलेल्या दुसऱ्या जुन्या नावाचं.