टीटॉनच्या माळावरचं पिवळं फूल कसं ओळखाल?
(जूनमधल्या यलोस्टोन-ग्रँड टीटॉन सहलीच्या प्रवाशांसाठी)

जॅक्सन होलच्या खोऱ्यात, साधारण साडेसहा हजार फुटांवर, करड्या सेजब्रशच्या झुडपांत पिवळी फुलं दिसू लागली की गाडीत हमखास प्रश्न येतो, "ही सूर्यफुलं का हो?" कुळ तेच. पण हे अमेरिकेच्या पश्चिम भागातलं मूळचं, बहुवर्षायू रानफूल आहे: ॲरोलीफ बाल्समरूट, शास्त्रीय नाव बाल्समोऱ्हायझा सॅजिटाटा. अमेरिकेचा पश्चिम भाग धुंडाळणाऱ्या लुईस आणि क्लार्क मोहिमेतल्या लुईसनं 1806 मध्ये कोलंबिया नदीकाठी याचा नमुना गोळा केला होता.

फुलावरून ओळखायला जाल तर फसाल. अशी पिवळी फुलं तिथं पुष्कळ. पान बघा. लांब देठांची मोठी पानं जमिनीलगत झुबक्यानं येतात. आकार बाणाच्या पात्यासारखा, बुडाशी दोन्हीकडे कोपरे. पानावर दाट पांढुरकी लव असते, म्हणून लांबून ते रुपेरी दिसतं. फुलाच्या दांड्यावर पानं जवळजवळ नसतातच, आणि टोकाला बहुधा एकच फूल.

खरा घोटाळा होतो म्यूल्स इअर्स या दुसऱ्या पिवळ्या रानफुलाशी. त्याचं पान लांबट, हिरवंगार, चकचकीत. लव नाही, कोपरे नाहीत, आणि दांड्यालाही पानं बिलगलेली. मात्र पुढे कॅलिफोर्नियात सिएरा नेवाडाला जाणार असाल, तर लवेवर विसंबू नका. तिथल्या एका जातीच्या म्यूल्स इअर्सची पानंही लवदार असतात. आकारच बघावा लागतो.

"रोप घरी नेता येईल का?" नाही. नॅशनल पार्कात फूल तोडायलाही मनाई आहे. शिवाय याचं लाकडी सोटमूळ दोन मीटरहून खोल जाऊ शकतं, ते कुंडीत काय मावणार! उन्हाळा सरता सरता पानं वाळून कुरकुरीत होतात, पण मुळाच्या जोरावर झाड पुढच्या वसंतात पुन्हा फुटतं. बी रुजल्यापासून पहिलं फूल यायला मात्र काही वर्षं जातात. इथल्या मूळ रहिवासी जमाती याचे कोवळे देठ, बिया आणि मुळं खात.

तिथं आहातच तर सेजब्रशचं पान न तोडता बोटांत चोळून वास घ्या. जोतिबाला वाहतात तो दवणा याचाच जवळचा नातलग.

फुलोरा खोऱ्यात मेअखेर ते जून, उंचावर जुलैपर्यंत. आयडाहोतल्या बॉइसी शहराच्या टेकड्यांवर तो आधीच, एप्रिल-मेमध्ये उरकतो. झुडपांत शिरताना पूर्ण पँट आणि मोजे घाला, हॉटेलवर आल्यावर अंगावर गोचीड नाही ना ते बघा. बायसन (अमेरिकेतला रानगवा) दिसला तर फोटो किमान 25 यार्डांवरूनच.