धुळीबरोबर बाणही पुसले गेले

२००९ साली ‘ग्लॅडिएटर’ हा चित्रपट ब्लू-रेवर, म्हणजे डीव्हीडीहून स्पष्ट चित्र देणाऱ्या डिस्कवर आला आणि पहिल्याच लढाईत बघणाऱ्यांना काहीतरी खटकलं. जंगलात रोमन सैन्य पेटते बाण सोडतं, पण त्यातले काही बाण अर्ध्या वाटेतच नाहीसे होतात. ते कुणी मुद्दाम काढले नव्हते. चित्रावरची धूळ पुसणाऱ्या सॉफ्टवेअरने बाणांनाच धूळ समजून पुसून टाकलं होतं.

हे सॉफ्टवेअर चालतं कसं ते कळलं की चूकही कळते. फिल्मवर बसलेला कण बहुधा एकाच फ्रेममध्ये दिसतो; मागच्या-पुढच्या फ्रेममध्ये ती जागा स्वच्छ असते. म्हणून यंत्र लागोपाठच्या फ्रेम ताडून बघतं, फक्त मधल्या फ्रेममध्ये आहे ते खोडतं आणि शेजारच्या फ्रेममधला तुकडा तिथे बसवतं. सेकंदाला २४ फ्रेम असताना वेगाने जाणारा बाण दर फ्रेमला नव्याच जागी असतो. यंत्राच्या हिशेबी तोही कणच.

डिजिटलच्या आधीची युक्ती मला जास्त आवडते. लॅबमध्ये प्रिंट काढताना निगेटिव्ह एका द्रवात बुडवत. द्रव ओरखड्यात भरला की तिथे प्रकाश वाकत नाही, त्यामुळे ओरखडा दिसतच नाही. याला ‘वेट गेट’ म्हणतात. यात मूळ चित्राला कुणी हात लावत नाही. पुढे स्कॅनरमध्ये इन्फ्रारेड किरण आले: रंगीत फिल्ममधले रंग हे किरण जाऊ देतात, धूळ अडवते, म्हणून धुळीचा वेगळा नकाशा मिळतो. कृष्णधवल फिल्ममध्ये मात्र चांदीच किरण अडवते, तिथे ही सोय नाही.

व्हीएचएसच्या काळात या गोष्टींवरून फारसं कुणी भांडलं नाही, कारण टेपवर मुळात सगळंच धूसर. १९९६-९७ मध्ये डीव्हीडी आली. तिच्यासाठी मास्टर, म्हणजे ज्यावरून डिस्क काढतात ती मूळ प्रत, बनवताना पिक्चर ट्यूबच्या टीव्हीवर चित्र रेखीव वाटावं म्हणून कडा कृत्रिमपणे धारदार करायची पद्धत होती. २००६ मध्ये ब्लू-रे आली, घरात मोठे सपाट पडदे आले आणि खर्च वाचवायला पुष्कळदा तेच जुने मास्टर पुन्हा वापरले गेले. मग माणसांभोवती पांढरी किनार दिसू लागली.

खरी हानी मात्र ‘ग्रेन’, म्हणजे फिल्मवरचे दाणे, पुसण्यात झाली. फिल्मवरची प्रतिमा चांदीच्या क्षारांच्या बारीक कणांतून घडते. ते दाणे चित्रावर बसलेले नसतात, चित्रच त्यांचं असतं. कापडातून धागे काढून कापड स्वच्छ होत नाही. पण सपाट पडद्यावर दाणे हलताना दिसले की ग्राहकाला तो दोष वाटे. शिवाय दाण्यांची मांडणी दर फ्रेमला बदलते, त्यामुळे फाइल दाबून लहान करतानाही ते अडचणीचे. १९८७ च्या ‘प्रेडेटर’ची २०१० मधली ब्लू-रे हे त्याचं कुप्रसिद्ध उदाहरण. घाम, मळ, दाढीचे खुंट सगळं गुळगुळीत, जंगलात मेणाचे पुतळे फिरताहेत असं वाटावं.

तंत्रालाच दोष देणं मला पटत नाही. कॅनडाचे जॉन लॉरी यांनी १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला अपोलो मोहिमांचं टीव्हीवरचं चित्र स्वच्छ करण्याची पद्धत काढली. पुढे त्यांच्या लॉरी डिजिटलने डीव्हीडीसाठी बाँडपट, इंडियाना जोन्स, स्टार वॉर्स सुधारले. २००९ मध्ये अपोलो ११ चं चांद्रचित्रण नासाने दुरुस्तीला दिलं तेही याच कंपनीकडे. तोवर तिची मालकी मुंबईच्या रिलायन्स समूहाकडे आली होती.

बिघडलेल्या डिस्कवर खात्रीचा इलाज एकच: मूळ निगेटिव्हकडे परत जाणं. ‘द फिफ्थ एलिमेंट’ची पहिली ब्लू-रे सोनीने २००७ मध्ये बदलून दिली. ‘ग्लॅडिएटर’ २०१० मध्ये नव्याने आला, बाणांसकट. ‘स्पार्टाकस’ला मात्र २०१० ची गुळगुळीत डिस्क सोसून २०१५ पर्यंत थांबावं लागलं. आणि २०२४ मध्ये ‘एलियन्स’, ‘ट्रू लाइज’च्या ४के डिस्कवर कृत्रिम बुद्धिमत्तेने सफाई झाली, तेव्हा मेणचट चेहऱ्यांची जुनी तक्रार पुन्हा उठली.

निगेटिव्हच जळालं तर? सत्यजित राय यांच्या अपू चित्रत्रयीची निगेटिव्ह १९९३ मध्ये लंडनच्या लॅबमधल्या आगीत होरपळली. इटलीतल्या बोलोन्यात ती ठिसूळ रिळं ओलावा देऊन हाताने सोडवली, सांधली. ‘अपूर संसार’चं निगेटिव्ह वापरण्याजोगं उरलंच नव्हतं, तो चित्रपट निगेटिव्हवरून पूर्वी काढलेल्या मधल्या प्रतींवरून (फाइन-ग्रेन मास्टर आणि ड्यूप निगेटिव्ह) उभा केला. २०१५ च्या ब्लू-रेवर काही डाग तसेच आहेत आणि दाणेही आहेत. पुण्यात जानेवारी २००३ मध्ये नायट्रेट फिल्मचं, म्हणजे चटकन पेट घेणाऱ्या जुन्या फिल्मचं, कोठार जळालं, तिथली रिळं मात्र सोडवायलाही उरली नाहीत.