टेकुम्सेचे घर

१८११ च्या सप्टेंबरात मूळ अमेरिकन शॉनी जमातीचा पुढारी टेकुम्से आपल्या माणसांसह आजच्या अलाबामातल्या टुकाबाची गावी पोहोचला. तिथे क्रीक लोकांची मोठी सभा भरली होती. गोऱ्यांना आता आणखी जमीन विकायची नाही, सगळ्या जमातींची मिळून एकच फळी उभारायची, हे त्याला तिथे मांडायचे होते. इंडियानातला माणूस इतक्या लांब दक्षिणेत का गेला, याचे उत्तर बहुतेक जण राजकारणात शोधतात. ते चूक नाही, पण तेवढ्याने भागत नाही. टेकुम्सेच्या आईवडिलांची गाठ पडली ती याच मुलखात.

शॉनी मूळचे ओहायो खोऱ्यातले. सतराव्या शतकात बीव्हरच्या कातड्यांच्या व्यापारावरून इरोक्वॉय जमातींनी मोठी युद्धे केली आणि त्यांत शॉनींची पांगापांग झाली. कुणी पेनसिल्व्हेनियात गेले, कुणी सव्हाना नदीवर, कुणी क्रीकांच्या शेजाराला. त्यांच्या नावाचा अर्थच मुळी ‘दक्षिणेकडचे’. टेकुम्सेचे वडील पुकेशिन्वा आणि आई मेथोआटास्के यांचा संसार क्रीकांच्या शेजारातला, आणि १७५९ च्या सुमारास तो ओहायोकडे निघाला. आजोळ-आजघराच्या मातीत परतणे म्हणा हवे तर. पण ती माती तोवर दुसऱ्यांच्याच सौद्यात सापडली होती.

शॉनींचे पाच विभाग होते आणि कामे वाटलेली होती. वडील किस्पोको विभागाचे, म्हणजे युद्धाची जबाबदारी ज्यांच्याकडे त्यांच्यातले, आणि स्वतः युद्धप्रमुख. आई बहुधा पेकोवी विभागातली. कुळ वडिलांकडून आलेले, पँथरचे. १७६८ च्या आसपास जन्मलेल्या मुलाचे नाव त्या कुळाला शोभेसे पडले. कुणी त्याचा अर्थ ‘तुटता तारा’ असा सांगतो, कुणी ‘आकाश ओलांडणारा पँथर’. दोन्ही एकच. उल्का म्हणजे आभाळातून झेप घेत जाणारा पँथर, अशी ती कल्पना आहे.

त्याच १७६८ साली फोर्ट स्टॅनविक्स इथे इरोक्वॉयांनी ओहायो नदीच्या दक्षिणेची जमीन ब्रिटिशांना देऊन टाकली. आजचे बरेचसे केंटकी त्यात आले. ही शॉनींची शिकारीची राने. त्यांना कुणी विचारलेसुद्धा नाही. पुढे जे जे झाले त्याची वात इथे पेटली. वसाहतवाले आले, चकमकी झाल्या, आणि १० ऑक्टोबर १७७४ रोजी पॉइंट प्लेझंटच्या लढाईत व्हर्जिनियाच्या सैन्याशी लढताना पुकेशिन्वा पडला. टेकुम्से तेव्हा सहा वर्षांचा असेल. गोऱ्यांशी कधी तह करू नकोस, असे मरता मरता थोरल्या मुलाला, चीसिकाऊला, बजावल्याची गोष्ट सांगतात. शब्द जसेच्या तसे असतील की नाही कोण जाणे, पण तो वागला मात्र तसाच.

मेथोआटास्के तेव्हा गरोदर होती. १७७५ च्या सुरुवातीला तिला तिळे झाले. त्यांतले दोघे जगले. १७७९ मध्ये युद्धाला विटून सुमारे हजारभर शॉनी मिसिसिपी ओलांडून पश्चिमेला निघून गेले. त्यांच्यात ही आईही होती. मुले मागे राहिली. पुढच्याच वर्षी जॉर्ज रॉजर्स क्लार्कच्या अमेरिकी फौजेने शॉनींचे पिक्वा गाव आणि त्याभोवतीची मक्याची उभी शेते जाळली.

आता घर चालवायला उरली थोरली बहीण टेकुमपीस. या कुटुंबाचा इतिहास लिहिताना तिला दोन ओळींत उरकायची पद्धत पडली आहे, आणि ती मला पटत नाही. पोरक्या भावाला तिने नवऱ्याच्या घरात वाढवले. पुढे त्या भावाचा मुलगा पॉकीसा यालाही तिनेच सांभाळले. शॉनींमध्ये बायकांचेही प्रमुख असत, आणि गावातल्या बायकांत तिचा शब्द चाले. टेकुम्से उभे आयुष्य जिच्या सल्ल्यात राहिला ती हीच.

लढाईचे धडे मात्र चीसिकाऊचे. शिकारीला आणि हल्ल्यांना तो धाकट्याला बरोबर नेई. अशाच एका भटकंतीत, बायसनांच्या, म्हणजे अमेरिकेतल्या रानगव्यांच्या, मागे घोडा पिटाळताना टेकुम्से पडला आणि मांडीचे हाड मोडले. पाय नीट जुळला नाही, किंचित लंगडेपण कायमचे राहिले. पुढे दोघे भाऊ टेनेसीत चिकमॉगा चेरोकींना जाऊन मिळाले. सप्टेंबर १७९२ मध्ये नॅशव्हिलजवळच्या बुकॅनन्स स्टेशनवरील हल्ल्यात चीसिकाऊ ठार झाला. २० ऑगस्ट १७९४ ला फॉलन टिंबर्सच्या लढाईत आणखी एक भाऊ, साऊवासिकाऊ, गेला. वीस वर्षांत बाप आणि दोन भाऊ. पुढल्याच वर्षी ग्रीनव्हिलच्या तहाने ओहायोचा मोठा भाग जमातींच्या हातून सुटला. टेकुम्सेने त्या तहाकडे पाठच फिरवली.

आणि शेंडेफळ? तिळ्यांपैकी लालावेथिका. नावाचा अर्थ साधारण ‘खुळखुळा’, म्हणजे तोंडाळ पोर. लहानपणी स्वतःच्याच बाणाने त्याचा एक डोळा गेला. शिकारीत हात चालेना, मग दारू. बहिणीने टेकुम्सेला जसे जपले तसे याला जपले नाही, असे इतिहासकार लिहितात. १८०५ मध्ये तो मूर्च्छेतून उठला तो दृष्टांत सांगतच, आणि टेन्स्क्वाटावा, ‘उघडे दार’, झाला. दारू सोडा, गोऱ्यांच्या चाली सोडा, हा त्याचा संदेश शेजारच्या जमातींतही पसरला. आधी लोक गोळा झाले ते या धाकट्याभोवती. टेकुम्सेने त्या गर्दीची फळी केली. नंतरच्या लेखकांनी एकाला वीर आणि दुसऱ्याला भोंदू ठरवून टाकले. एकाच चुलीवर वाढलेल्या दोघांचा हा हिशेब फारच सोपा झाला.

टेकुम्सेची आजी म्हणे कुणा गोऱ्या गव्हर्नरची मुलगी होती, अशीही एक दंतकथा आहे. ती टिकली याचे कारण पुराव्यात नाही. शत्रू मोठा निघाला की त्याच्यात आपले रक्त शोधायची खोड त्या काळच्या गोऱ्यांना होती.

५ ऑक्टोबर १८१३ ला कॅनडात थेम्स नदीकाठच्या लढाईत टेकुम्से मारला गेला. टेकुमपीसचा नवराही त्याच लढाईत पडला. सतराएक वर्षांचा पॉकीसा तिथेच होता. तो जिवंत परतला, आत्याकडे.