उभं करणारं कॅलिपर, जमिनीवरचं आयुष्य : विदर्भातल्या पोलिओग्रस्त पिढीची पार्श्वभूमी

विदर्भातल्या बहुतेक गावांत चाळिशी-पन्नाशीतलं कुणीतरी पावलागणिक मांडीवर हात दाबत चालताना दिसतं. मांडीच्या पुढचा स्नायू गेलेला असला की वजन पडताच गुडघा दुमडतो, म्हणून तो हाताने मागे रेटावा लागतो. चालणं होतं, पण एक हात कायमचा अडकतो. घागर, छत्री, कापसाची ओटी, काहीच धड धरता येत नाही.

पोलिओचा विषाणू मज्जारज्जूतल्या हालचालीच्या पेशी मारतो, संवेदनेच्या नाही. पाय लुळा पडतो, पण काटा टोचलेला कळतो. कुष्ठरोगात नेमकं उलट होतं : पाऊल बधिर होतं आणि जखम चिघळेपर्यंत पत्ता लागत नाही. विदर्भातल्या जुन्या संस्था या दुसऱ्या दुखण्याभोवती उभ्या राहिल्या. १९३६मध्ये मनोहर दिवाणांनी वर्ध्याजवळ दत्तपूरला कुष्ठधाम काढलं, शिवाजीराव पटवर्धनांनी अमरावतीत तपोवन उभारलं, १९४९मध्ये बाबा आमट्यांनी वरोऱ्याला आनंदवन सुरू केलं. बोटं झडलेली माणसं शेती करतात, माग चालवतात, हे या संस्थांनी दाखवून दिलं. आनंदवनात पुढे इतर अपंगांना धंदेशिक्षण देणारं संधिनिकेतनही निघालं. पोलिओचं मूल मात्र घरीच वाढलं. गावात एक-दोन, पुढच्या गावात आणखी एखादं, असं विखुरलेलं.

त्या पिढीच्या घरात एक वाक्य हमखास ऐकू येतं : ताप होता, इंजेक्शन दिलं आणि पाय गेला. ते सपशेल खोटं नाही. पोलिओचा संसर्ग झालेला असताना स्नायूत सुई टोचली, तर त्याच अवयवाला लकवा येण्याचा धोका वाढतो, हे वैद्यकशास्त्राला विसाव्या शतकाच्या मध्यापासून माहीत आहे. पण मूळ कारण विषाणू, आणि तो पसरतो विष्ठेने दूषित झालेल्या पाण्यातून आणि हातांतून. आईने सुई टोचू दिली म्हणून आयुष्यभर स्वतःला दोष देत राहावं, असं यात काही नाही. १९९५मध्ये देशभर पल्स पोलिओ सुरू झाला, शेवटचा नैसर्गिक विषाणूचा रुग्ण १३ जानेवारी २०११ला पश्चिम बंगालमध्ये सापडला आणि २७ मार्च २०१४ला भारताला पोलिओमुक्तीचं प्रमाणपत्र मिळालं. रोग गेला. ज्यांना आधीच होऊन गेला, त्यांचं बरंच आयुष्य अजून बाकी आहे.

त्यांच्या वाट्याला आलेलं मुख्य साधन म्हणजे कॅलिपर. दोन बाजूंना दोन उभ्या पट्ट्या, मांडीला आणि पोटरीला चामड्याचे पट्टे, गुडघ्यावर टोपी, खाली बूट. गुडघ्याच्या सांध्यावर लोखंडी कडं घसरून बसलं की पाय ताठ, कडं वर ओढलं की मोकळा. कॅलिपरचा सांधा खऱ्या गुडघ्याच्या नेमक्या रेषेत हवा. बोटभर वर-खाली झाला तरी बसताना पट्टा सरकतो आणि मांडी सोलवटते. वाढत्या मुलाचं हाड लांबतं, सांधा मात्र जिथल्या तिथे राहतो. केंद्र सरकारची साधनं देणारी एडिप योजना १९८१पासून आहे, पण तालुक्याच्या शिबिरात माप घेतल्यावर वाटप होईपर्यंत काही महिने गेले, तर तेवढ्यात मुलाचं माप बदललेलं असतं. मग ते कॅलिपर फळीवर जातं, मूल पुन्हा रांगायला लागतं आणि रांगून रांगून गुडघा वाकलेलाच आखडतो. असा गुडघा आधी प्लास्टर घालून किंवा शस्त्रक्रियेने सरळ केल्याशिवाय नवं कॅलिपर बसत नाही.

खरी अडचण घडणीतच होती. कॅलिपर उभं राहणाऱ्या, खुर्चीवर बसणाऱ्या माणसासाठी बनलं. आपल्याकडे जेवण पंगतीत, निंदण उकिडवं बसून, शौचाला बसायचं तेही उकिडवंच. मोकळा झालेला हात हवा तर गुडघा ताठ, आणि गुडघा ताठ असेपर्यंत जमिनीवर बसणं बंद. १९६८च्या सुमारास जयपूरला कारागीर रामचंद्र शर्मा आणि डॉ. प्रमोद करण सेठी यांनी घडवलेल्या कृत्रिम पायाने ही गोष्ट ओळखली होती : रबराचं पाऊल, अनवाणी चालता येतं, उकिडवं बसता येतं, चिखलात जाता येतं. पण तो पाय कापलेल्यांसाठी. पोलिओवाल्यांच्या नशिबी बूटच राहिला.

त्यात काळी माती. पावसाळ्यात वावरात दहा पावलं टाकली की बुटाला चिखलाचा गोळा चिकटतो आणि आधीच अशक्त पायाला ते वजन उचलवत नाही. भिजलेलं चामडं चुलीशी वाळवलं की कडक होऊन तडकतं, ते सावलीतच वाळवावं. सांध्यात शिलाई मशीनच्या तेलाचा एकच थेंब पुरे, जास्त झालं की धूळ धरते. कुबडीचं रबर झिजून लोखंड दिसायला लागलं की त्याच दिवशी बदलावं, ओल्या फरशीवर तीच कुबडी घात करते. कुबडी काखेच्या दोन-तीन बोटं खाली संपावी आणि वजन मुठीवर यावं. काखेवर भार टाकत राहिलं की तिथली नस दबते आणि मनगट लुळं पडतं.

हाताने चालवायच्या तीनचाकी सायकलची गत पांदण रस्त्यावर कळते. बंडीच्या चाकांनी दोन खोल चाकोऱ्या पडलेल्या असतात आणि मधला उंचवटा असतो. तीनचाकीचं एक चाक कुठेतरी चुकीच्या जागी पडणारच. म्हणून ती गावठाणात आणि डांबरी रस्त्यावर चालते, वावरापर्यंत पोचत नाही.

घरात काय करावं, यावरही सरसकट रॅम्प हे उत्तर नाही. चाकाच्या खुर्चीसाठी एकास बारा असा उतार लागतो, म्हणजे दीड फुटाच्या जोत्याला १८ फूट लांबी. ताठ कॅलिपर घालून चालणाऱ्याला मात्र उतारापेक्षा चार-चार इंचांच्या पायऱ्या आणि धरायला पक्का कठडा जास्त सोयीचा पडतो. शौचालयाला साधारण १८ इंच उंचीची बैठक, भिंतीत घट्ट बसवलेला दांडा आणि बाहेर उघडणारं तीन फुटी दार हवं.

आता चाळिशीनंतर नवं संकट आहे. वाचलेल्या मज्जापेशींनी वर्षानुवर्षं दुप्पट काम केलेलं असतं, त्या थकतात. पोलिओनंतर १५ ते ४० वर्षांनी अनेकांना पुन्हा अशक्तपणा, दुखणं आणि थकवा सुरू होतो. ज्यांनी तरुणपणी कॅलिपर टाकून मजुरी केली, त्यांना ते पुन्हा घालावं लागतं, शक्यतो हलक्या प्लास्टिकचं. जोर लावून व्यायाम केला तर नुकसानच होतं. काम तुकड्यातुकड्याने करावं आणि मधे टेकावं. शिलाई मशीनला मोटर बसवली की पायटा मारावा लागत नाही, पण भारनियमनासाठी हाताचं चाक ठेवावं.

कायद्याची वाट १९९५च्या अपंग कायद्यापासून सुरू होते. २०१६च्या कायद्यात अपंगत्वाच्या सात प्रकारांचे २१ झाले, त्यात पूर्व विदर्भात जागोजाग दिसणारा सिकलसेल हा रक्ताचा आजारही आला. ४० टक्के अपंगत्वाच्या प्रमाणपत्रावर एसटीचं भाडं कमी होतं, बसची पहिली पायरी मात्र तेवढीच उंच राहते. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के अपंगांवर खर्च करायचे असतात. घरपट्टी-पाणीपट्टीचे दोन लाख जमले, तर दहा हजार. अनेक ठिकाणी ते सगळ्यांत सारखे वाटून टाकतात आणि हाती काहीशे रुपये पडतात. तेवढ्याच पैशात पंचायतीच्या पायऱ्यांना कठडा लागतो, शाळेच्या शौचालयात दांडा बसतो, गावातल्या सगळ्या कुबड्यांची रबरं बदलतात. ही मागणी गावाचा आराखडा ठरायच्या ग्रामसभेतच लेखी द्यावी, आणि सोबत मोजमाप जोडावं : पायऱ्या किती, उंची किती, दार किती रुंद.