बॅग कोणाची? (लोकलमधली सवय)

"बॅग कोणाची?" हा ठाण्याच्या लोकलमध्ये रोज ऐकू येणारा प्रश्न. वरच्या रॅकवर नाहीतर सीटखाली बिनमालकाची बॅग दिसली की कोणीतरी मोठ्याने विचारतं, मग दरवाज्यात लटकलेला एखादा मान वळवून ओरडतो "माझीय, माझीय" आणि विषय संपतो. याला बॉम्बस्फोटांचं स्मरण म्हणायचं का यावर वाद होऊ शकतो, पण या सवयीमागे ११ जुलै २००६ चा मंगळवार आहे.

त्या संध्याकाळी वेस्टर्न लाईनवर चर्चगेटहून निघालेल्या लोकलच्या फर्स्ट क्लास डब्यांत ११ मिनिटांत ७ स्फोट झाले, पहिला ६:२४ च्या सुमारास. वांद्रे, खार, माटुंगा रोड, माहीम, जोगेश्वरी, बोरिवली, आणि मीरा रोड-भाईंदरच्या मध्ये एक, म्हणजे तो तर ठाणे जिल्ह्यातच. मृतांचा आकडा कुठे १८७ तर कुठे १८९ लिहिलेला असतो, जखमी ८०० च्या वर. भाईंदरचा एक प्रवासी तर बहुतेक काळ कोमात राहून ९ वर्षांनी, जुलै २०१५ मध्ये गेला. (नाव मात्र पडलं ७/११, अमेरिकन पद्धतीने, आपल्या हिशोबाने ११/७ हवं. २६/११ ला मात्र आपण तारीखच आधी ठेवली.)

ठाण्याच्या, म्हणजे सेंट्रल लाईनवाल्यांना धसका त्याच्या आधीच बसला होता. १३ मार्च २००३ ला रात्री कर्जत लोकलमध्ये मुलुंड स्टेशनात लेडीज फर्स्ट क्लासजवळ स्फोट झाला, पुढचंच स्टेशन ठाणे.

आता गंमत बघा, लोकलची जुनी रीत अगदी उलटी आहे. गर्दीत उभा असलेला माणूस अनोळखी माणसाकडे बॅग देतो, "काका, जरा वर ठेवा ना", काका ती पुढे सरकवतात, तिसराच कोणीतरी रॅकवर टाकतो आणि उतरताना ती तशीच हातोहात परत येते, कोणी कोणाचं नाव विचारत नाही. ही रीत बंद पडली नाही, पडणारही नाही, कारण सकाळच्या फास्टमध्ये बॅग धरून उभं राहायला जागाच नसते. म्हणून भरवसा आणि संशय एकाच रॅकवर ठेवलेले असतात, आणि मधला तोडगा म्हणजे हा दोन शब्दांचा प्रश्न.

२००६ चे बॉम्ब ठेवणारे कोण हा प्रश्न मात्र अजून उघडाच आहे. २०१५ मध्ये विशेष कोर्टाने १२ जणांना दोषी धरलं, त्यातल्या ५ जणांना फाशी, पण २१ जुलै २०२५ ला हायकोर्टाने सगळ्यांना निर्दोष सोडलं. तीन दिवसांनी सुप्रीम कोर्टाने सांगितलं की हा निकाल दुसऱ्या केसमध्ये दाखला म्हणून वापरायचा नाही. दरवर्षी ११ जुलैला माहीम स्टेशनवर श्रद्धांजली वाहतात, ज्यांची माणसं गेली त्यांनी तिथे उभं राहून आता नेमकं काय मनात आणायचं?

विचारूनही कोणीच हो म्हणालं नाही तर बॅगेला हात लावायचा नाही, रेल्वेच्या १३९ हेल्पलाईनला फोन करायचा किंवा पुढच्या स्टेशनला पोलिसाला गाठायचं. मग डबा रिकामा करतात, कुत्रा येतो, गाडी लेट, मागच्या गाड्या लेट, लोक वैतागतात. बहुतेकदा आत निघतो जेवणाचा डबा, छत्री नाहीतर जिमचे ओले कपडे, आणि मालक केव्हाच घाटकोपरला उतरून मेट्रोच्या लाईनीत लागलेला असतो.